न चावणारी चिलटे : जलाशयाच्या गाळातील एक दुर्लक्षित कुल

हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातील गाव मल्लिनाथांच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे दूरवर परिचित आहे आणि याच तालुक्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वरचे धरण आहे. अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून पुढे गोदावरीला मिळणारी ही पूर्णा १९६० च्या दशकात येलदरी आणि सिद्धेश्वर या दोन ठिकाणी अडवली गेली, त्यामुळे वाहत्या नदीच्या जागी मोठे साठे उभे राहिले, कालवे निघाले आणि वसमत-औंढा पट्ट्यात हळद, ऊस, केळी अशी पाण्यावर उभी राहणारी शेती वाढली. धरणाचा हिशेब करताना पाणीसाठा, सिंचनाखालचे क्षेत्र आणि वीज यांचे आकडे पुढे येतात. मात्र साठलेल्या पाण्याच्या तळाशी वर्षानुवर्षे बसत जाणाऱ्या काळ्या, बारीक, सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या गाळात जी जीवसृष्टी वसते तिचा उल्लेख क्वचितच होतो. या जीवसृष्टीत संख्येने बहुधा सर्वांत मोठा वाटा असतो तो न चावणाऱ्या चिलटांच्या अळ्यांचा आणि पावसाळा सरल्यानंतर संध्याकाळी दिव्यांभोवती, भिंतींवर आणि उघड्या पाण्यावर दिसणारे डासासारखे नाजूक कीटक बहुतेकदा याच अळ्यांचे प्रौढ रूप असते.

प्राणिशास्त्रात या कीटकांच्या कुलाला कायरोनोमिडी असे नाव आहे. मागच्या पंखांच्या जागी तोल सांभाळणारे दोन छोटे दांडे, म्हणजे संतोलक, असणाऱ्या आणि उडण्यासाठी केवळ एकच पंखजोडी वापरणाऱ्या द्विपंखी कीटकांच्या गणात हे कुल मोडते. याच गणात डास, घरमाशी, फळमाशी हे सारे येतात, पण त्यातही डास आणि चिलटे एकमेकांना विशेष जवळची आहेत, त्यामुळे दोघांच्या दिसण्यात साम्य आहे आणि या साम्यामुळेच न चावणारी चिलटे विनाकारण डासांच्या वाट्याची भीती आणि फवारणी सोसत आली आहेत.

दोघांतील फरक भिंगाशिवायही कळू शकतो. डासाच्या तोंडापुढे लांब, ताठ सोंड असते आणि मादी तिच्या साहाय्याने रक्त शोषते; कायरोनोमिडी कुलातील कीटकांची मुखांगे आखूड आणि क्षीण झालेली असतात, ती कातडी भेदूच शकत नाहीत, आणि बऱ्याच जातींचे प्रौढ कीटक आपल्या चार-दोन दिवसांच्या आयुष्यात फुलांतील मध किंवा माव्याने सोडलेला गोड स्राव यांपलीकडे काही खात नाहीत. डासाच्या पंखांच्या शिरांवर आणि कडांवर खवले असतात, चिलटांच्या पंखांवर ते नसतात. भिंतीवर बसलेला डास सहसा मागचे पाय वर उचलून धरतो, तर या कुलातील कीटक पुढचे पाय पुढे उंचावून बसतो आणि ते अधूनमधून हलवतो. नराच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरील स्पर्शेंद्रिये, दाट केसांमुळे पिसाऱ्यासारख्या दिसतात.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठवाड्यात चिलटे म्हणून जे जे ओळखले जाते ते सारे एका कुलातील नसते. गुरांच्या आणि लहान मुलांच्या डोळ्यांभोवती, जखमांवर घोंघावणारी बारीक चिलटे ही डासांपेक्षा घरमाशीच्या अधिक जवळची असून ती ओल्या, कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांत वाढतात. आकाराने दोन-तीन मिलिमीटरचे, पण चावणारे आणखी एक कुल आहे, सेराटोपोगोनिडी, आणि त्यातील क्यूलिकॉइडीस या प्रजातीच्या माद्या जनावरांचे रक्त शोषताना मेंढ्यांतील नीलजिव्हा, म्हणजे ब्लूटंग, या रोगाचे विषाणू एका जनावरातून दुसऱ्यात नेतात. भारतात या रोगाची पहिली नोंद महाराष्ट्रातीलच शेळ्यामेंढ्यांवरून १९६४ मध्ये प्रसिद्ध झाली. मेंढपाळाच्या दृष्टीने चावणारे आणि न चावणारे चिलट यांतील भेद हा केवळ पुस्तकी वर्गीकरणाचा प्रश्न राहत नाही. एका कुलामुळे कळप दगावू शकतो, तर दुसरे कुल तळ्यातील माशांना पोसते.

कायरोनोमिडी कुलाच्या शास्त्रीय नोंदीचा आरंभ लिनियसपर्यंत मागे नेता येतो, कारण १७५८ मध्ये त्याने यातील एका जातीला नाव दिले, मात्र तिला तो लांब पायांच्या माश्यांच्या प्रजातीत घालून बसला होता. द्विपंखी कीटकांचा पायाभूत अभ्यास करणाऱ्या योहान विल्हेल्म मायगेन या जर्मन संशोधकाने १८०३ मध्ये कायरोनोमस ही प्रजाती, म्हणजे निकटच्या जातींचा गट, स्वतंत्र केली आणि पुढे तिच्याच नावावरून संपूर्ण कुल ओळखले जाऊ लागले. आज जगभरात या कुलाच्या सहा हजारांहून अधिक जाती वर्णिलेल्या आहेत आणि प्रत्यक्षातील संख्या याच्या कितीतरी पट असावी असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. हे कुल अकरा उपकुलांत विभागले जाते. भारतातील तळी, नद्या आणि जलाशय यांच्या संदर्भात त्यांतील तीन उपकुले सर्वाधिक महत्त्वाची ठरतात. पहिले कायरोनोमिनी, ज्यातील अनेक जातींच्या अळ्या लाल असतात आणि उष्ण, संथ, गाळयुक्त पाण्यात वाढतात. दुसरे टॅनिपोडिनी, ज्याच्या अळ्या बहुधा घर न बांधता मोकळ्या फिरतात आणि इतर छोट्या अळ्या व कृमी गिळतात. आणि तिसरे ऑर्थोक्लॅडिनी, ज्याला थंड, वाहते, प्राणवायूने समृद्ध पाणी अधिक मानवते आणि म्हणून जे घाटांतील खडकाळ ओढ्यांत अधिक भेटते. उरलेल्यांपैकी डायमेसिनी हे अतिथंड पाण्याचे उपकुल आहे. नेपाळमधील लांगटांग भागातील ‘याला’ नावाच्या हिमनदीवर त्यातील एक जात उणे १६ अंश सेल्सिअस तापमानातही चालताफिरताना आढळल्याची नोंद १९८४ मध्ये झाली.

भारतीय जातींचे वर्णन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले, तेव्हा कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये जमा झालेले नमुने युरोपात पाठवले जात आणि फ्रेंच संशोधक किफेर यांनी त्यांपैकी अनेकांना नावे दिली. दूरवरून आलेल्या, सुकलेल्या, बहुतेकदा केवळ एका प्रौढ कीटकावर आधारलेल्या या वर्णनांचे पुढे बरेच शुद्धीकरण करावे लागले. स्वातंत्र्योत्तर काळात बर्दवान विद्यापीठातील पी. के. चौधुरी आणि त्यांचे सहकारी यांनी हे काम मोठ्या चिकाटीने केले, आणि १९९२ मध्ये त्यांनी दास आणि अमेरिकी अभ्यासक सबलेट यांच्यासह भारतातील कायरोनोमस प्रजातीचा जो आढावा प्रसिद्ध केला त्यात कायरोनोमस रामोसस ही नवी जात वर्णिलेली होती. हीच जात पुढे पुण्यातील प्रयोगशाळेत महाराष्ट्राच्या विज्ञानाचा भाग झाली.

या कुलाचे वर्गीकरण अवघड का जाते हे समजून घेण्यासारखे आहे. प्रौढ नरांची ओळख मुख्यतः त्यांच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या जननांगांच्या रचनेवरून पटते. अळ्यांची ओळख डोक्याच्या कठीण कवचाच्या खालच्या बाजूस असलेल्या दातेरी पट्टीवरून. आणि कोषांची ओळख पृष्ठभागावर सोडून दिलेल्या त्यांच्या पारदर्शक कातीवरून. म्हणजे एकाच जातीची तीन रूपे तीन वेगवेगळ्या लक्षणांनी ओळखावी लागतात आणि ती एकमेकांशी जोडण्यासाठी अळी पकडून ती प्रयोगशाळेत प्रौढ होईपर्यंत वाढवण्याला पर्याय नसतो. त्यातही काही जाती बाह्य लक्षणांनी तंतोतंत सारख्या असून त्यांचे परस्परांत प्रजनन होत नाही, त्यामुळे त्या वेगळ्या आहेत हे केवळ गुणसूत्रांवरून किंवा अलीकडे डीएनएच्या ठरावीक तुकड्याचा क्रम वाचून ठरवता येते.

गुणसूत्रांचा उल्लेख येथे सहज आलेला नाही. कायरोनोमस अळीच्या लाळग्रंथींतील पेशी मोठ्या असतात आणि त्यांतील गुणसूत्रांच्या प्रती पुन्हापुन्हा तयार होऊन एकमेकींना चिकटून राहतात, त्यामुळे साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही गडद-फिकट पट्ट्यांनी भरलेली जाड सूत्रे दिसतात. एदुआर्द बाल्बियानी या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८१ मध्ये ती प्रथम वर्णिली, आणि पुढे १९५२ मध्ये जर्मनीतील व्होल्फगांग बेअरमान यांनी दाखवून दिले की या सूत्रांवर दिसणारे फुगवटे वेगवेगळ्या अवयवांत आणि वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळ्या जागी असतात. शरीरातील सर्व पेशींत जनुके तीच असतात, मात्र प्रत्येक पेशी त्यांतील निवडक जनुकेच कामाला लावते, ही जीवशास्त्रातील मूलभूत समज दृढ होण्यात तळ्याच्या चिखलातील या अळीचा वाटा मोठा आहे, आणि पट्ट्यांचा क्रम जातीनुसार बदलत असल्याने वर्गीकरणासाठीही तो आधार ठरतो.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात बिमलेंदु नाथ आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कायरोनोमस रामोसस प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवून ताण सहन करण्याच्या तिच्या क्षमतेचा अभ्यास केला. भाभा अणुसंशोधन केंद्रातील संशोधकांच्या सहकार्याने झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की माणसाला प्राणघातक ठरणाऱ्या मात्रेच्या शेकडो पटींनी अधिक गॅमा किरणोत्सर्ग दिल्यानंतरही बहुसंख्य अळ्या तग धरून राहतात. अळीच्या शरीरातील दुरुस्तीची यंत्रणा आणि विषारी ऑक्सिजन-संयुगे निष्प्रभ करणारी विकरे यांच्याशी या क्षमतेचा संबंध जोडला जातो. अळ्या घर बांधण्यासाठी जो रेशमाचा धागा सोडतात त्याच्या प्रथिनांचाही या गटाने अभ्यास केला.

घर बांधण्याची ही रीत अळीच्या साऱ्या जीवनाचा कणा आहे. मादी पाण्याच्या कडेला किंवा पृष्ठभागावर शेकडो अंडी एका पारदर्शक, चिकट द्रव्याच्या दोरीत किंवा गोळ्यात घालते. काही दिवसांत त्यांतून निघालेल्या सूक्ष्म अळ्या आरंभी पाण्यात तरंगतात आणि मग तळाशी उतरून गाळात स्थिरावतात. लाळग्रंथींतून निघणारे रेशीम आणि गाळाचे कण एकत्र करून अळी एक नळी विणते, तिच्यात राहते, शरीर लाटेसारखे हलवून नळीतून पाण्याचा प्रवाह खेळता ठेवते आणि त्या प्रवाहाबरोबर येणारे शैवाल, जिवाणू व कुजक्या पानांचे कण खाते किंवा नळीच्या तोंडाशी बाहेर वाकून आसपासचा गाळ खरवडते. चार वेळा अवस्था बदलत वाढलेली अळी कोष बनते, कोष एक-दोन दिवसांत पृष्ठभागाकडे वर येतो, पाठीवरून फाटतो आणि प्रौढ कीटक कातीवर उभा राहून उडून जातो. मराठवाड्यासारख्या उष्ण प्रदेशातील पाण्यात कायरोनोमसच्या जातींचा हा संपूर्ण क्रम साधारण दोन ते चार आठवड्यांत पुरा होतो, तर ध्रुवीय प्रदेशातील तळ्यांत काही जातींना अळी अवस्थेतच अनेक वर्षे काढावी लागतात.

अळ्यांचा लाल रंग हिमोग्लोबिनचा आहे. माणसाच्या शरीरात हे प्रथिन रक्तपेशींच्या आत असते, अळीत ते शरीरद्रवात विरघळलेले असते, आणि प्राणवायूचे प्रमाण अत्यल्प असतानाही तो धरून ठेवण्याची त्याची ताकद मोठी असते. जलाशयाच्या खोल भागात उन्हाळ्यात पाण्याचे थर वेगळे पडतात, वरचे गरम पाणी खाली मिसळत नाही, तळाशी कुजणाऱ्या द्रव्यामुळे उरलासुरला प्राणवायूही संपत जातो आणि बहुतेक कीटकांच्या अळ्या तेथे जगू शकत नाहीत. कायरोनोमसची अळी मात्र नळीतील पाणी हलवत, मिळेल तो प्राणवायू साठवत आणि तोही संपला तर काही काळ त्याच्याविना ऊर्जा मिळवत टिकून राहते. परिणामी जेथे स्पर्धक आणि शत्रू दोन्ही कमी, तेथे अन्नाचा साठा तिच्या एकटीच्या वाट्याला येतो आणि एका चौरस मीटर गाळात हजारो, कधी दहा-दहा हजारांहून अधिक अळ्या सापडतात.

तळ्याचे स्वरूप त्यातील अळ्यांवरून ओळखता येते ही कल्पना याच निरीक्षणातून जन्मली. जर्मनीतील आउगुस्ट टीनेमान यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात युरोपातील तळ्यांची विभागणी त्यांच्या तळाशी कोणत्या चिलटांच्या अळ्या आहेत यावरून केली. पोषकद्रव्ये कमी आणि तळापर्यंत प्राणवायू भरपूर असलेली ती टॅनिटार्सस तळी आणि पोषकद्रव्यांनी भरलेली, तळाशी प्राणवायू तुटणारी ती कायरोनोमस तळी. आज सरोवरशास्त्रात सर्वत्र वापरले जाणारे अल्पपोषित आणि अतिपोषित हे वर्ग याच विचारपरंपरेतील आहेत आणि टीनेमान हे १९२२ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय सरोवरशास्त्र संघटनेच्या दोन संस्थापकांपैकी एक होते. त्यांनी १९५४ मध्ये या एकाच कुलावर लिहिलेला जर्मन ग्रंथ आठशेहून अधिक पानांचा आहे.

पाण्याच्या जैविक तपासणीत मात्र हे कुल बऱ्याचदा ढोबळपणे हाताळले जाते. ब्रिटनमध्ये तयार झालेल्या आणि भारतातील केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक निकषांनाही आधार ठरलेल्या गुणांकन पद्धतीत पाण्यातील अपृष्ठवंशी प्राण्यांच्या कुलांना एक ते दहा गुण दिले जातात. स्वच्छ पाण्याशिवाय न जगणाऱ्या काही कुलांना दहा, तर संपूर्ण कायरोनोमिडी कुलाला दोनच. सांडपाणी मिसळलेल्या नाल्यात लाल अळ्यांचे थर दिसतात हे खरे, पण त्याच कुलातील ऑर्थोक्लॅडिनीच्या कित्येक जाती निर्मळ ओढ्यांशिवाय राहत नाहीत, आणि त्यामुळे केवळ कुल पाहून दिलेला हा गुण पाण्यावर आणि कीटकावर दोन्हींवर अन्याय करतो. जातींपर्यंत पोहोचणारी तपासणी कष्टाची आहे, परंतु या कुलाची खरी उपयुक्तता तिथेच आहे. गाळात शिसे, तांबे यांसारखे जड धातू किंवा कीटकनाशकांचे अंश साचले असतील तर अळ्यांच्या दातेरी पट्टीत व्यंगे निर्माण होतात, दात गळतात, जोडले जातात किंवा जास्तीचे फुटतात आणि अशा व्यंगांचे प्रमाण मोजून गाळाची स्थिती समजते. नवी रसायने बाजारात आणण्यापूर्वी गाळातील जीवांवर त्यांचा काय परिणाम होतो हे तपासण्यासाठी कायरोनोमस रिपेरियस ही जात आंतरराष्ट्रीय पातळीवर प्रमाणित प्रयोगजीव म्हणून वापरली जाते. ऊस, केळी आणि हळदीच्या शेतांतून वाहून येणारी खते व औषधे अखेर ज्या गाळात जातात, त्या गाळाची अशी तपासणी कालवाक्षेत्रातील जलाशयांसाठी नियमित व्हायला हवी.

पाण्यातील पोषकद्रव्ये वर आणण्यात या अळ्यांचा वाटा मोलाचा आहे. गाळात मिसळलेली सडकी पाने, मेलेले शैवाल आणि शेतातून आलेले सेंद्रिय कण यांचे अळीच्या देहात रूपांतर होते. ही अळी तळाशी चरणाऱ्या मृगळ आणि सायप्रिनस माशांचे आवडते अन्न आहे. शेततळ्यात मत्स्यबीज सोडण्यापूर्वी शेणखत टाकण्याची जी रीत आहे तिने प्लवंगांबरोबर या अळ्यांचीही वाढ होते. उथळ काठावर शेकाट्या, तुतारी, चिखल्या यांसारखे पक्षी चोच खुपसून अळ्या वेचतात, हिवाळ्यात येणारी बदके तळ उपसून त्या खातात, वर येणारे कोष मासे टिपतात, आणि उडालेल्या प्रौढांवर चतुर, कोळी, भिंगऱ्या व वटवाघळे ताव मारतात. पाण्यात वाढलेले द्रव्य अशा रीतीने पंखांवर बसून जमिनीवर येते. आइसलँडमधील मीव्हात्न या सरोवराच्या काठी चिलटांचे उत्पादन इतके प्रचंड असते, की मेलेल्या कीटकांमुळे आसपासच्या गवताळ जमिनीला नत्र मिळते आणि तेथील वनस्पतींचे स्वरूपच बदलते. काही वर्षी हीच संख्या हजारो पटींनी कोसळते आणि त्याबरोबर सरोवरातील मासे व बदकांची पिलेही उपाशी पडतात.

थव्यांचा प्रश्न सर्वांत जास्त लोकांच्या नजरेत येतो. संध्याकाळी झुडूप, खांब, वाटेची कड, उभे जनावर अशा एखाद्या ठळक खुणेच्या वर नर एकत्र जमतात आणि वर-खाली उडत राहतात. थव्यात शिरणाऱ्या मादीच्या पंखांचा विशिष्ट स्वर नर आपल्या केसाळ शृंगिकांच्या तळाशी असलेल्या श्रवणेंद्रियाने ओळखतात आणि हवेतच मीलन होते. म्हणजे हा थवा भक्ष्य शोधत फिरणारी टोळी नसून प्रजननासाठी जमलेला मेळावा असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यात केशवनगर, मुंढवा आणि खराडी परिसरात मुळा-मुठा नदीवर आकाशात उंच चढलेले कीटकांचे स्तंभ दिसले, त्यांच्या चित्रफिती डासांचे वादळ म्हणून देशभर फिरल्या आणि परिसरात मोठी घबराट पसरली; कीटकतज्ज्ञांनी मात्र हे थवे प्रामुख्याने न चावणाऱ्या चिलटांचे असल्याचे सांगितले. अर्थात त्यामुळे नदीचा दोष कमी होत नाही. सांडपाण्याने भरलेले, जलपर्णीने झाकलेले, संथ झालेले पाणी हे कायरोनोमसच्या अळ्यांचे आदर्श घर असते. शहरे ज्या द्रव्याने नदी भरतात तेच द्रव्य अशा थव्यांच्या रूपाने हवेत दिसते. अशा वेळी केलेली धूरफवारणी हवेतील प्रौढांपैकी काहींना मारते, गाळातील अळ्यांना स्पर्शही करत नाही, आणि दुसऱ्या आठवड्यात नवे थवे उभे राहतात. उलट त्या विषाने चतुर आणि कोळी यांसारखे त्यांचे नैसर्गिक शत्रूच अधिक मरतात.

घराच्या पातळीवर या कुलाची भेट होते ती पाण्याच्या टाकीत. मराठवाड्यात अनेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हौद, सिमेंटच्या टाक्या आणि रांजण यांत ते दिवसेंदिवस साठवून ठेवावे लागते, तळाशी गाळ बसतो आणि झाकण नीट नसेल तर मादी त्यात अंडी घालते. मग एखाद्या दिवशी बादलीत बारीक लाल अळ्या दिसतात आणि घरातील माणसे धास्तावतात. डासाची अळी पृष्ठभागाला टेकून लटकते आणि हालचाल होताच वळवळत खाली जाते. चिलटाची ही अळी तळाशी, गाळाच्या नळीत राहते आणि बाहेर पडली तर इंग्रजी आठच्या आकड्यासारखी वेटोळी मारत पोहते. ती माणसाला चावत नाही, पोटात गेल्यास तेथे वाढत नाही. टाकीत तिला अन्न पुरवणारा गाळ साचल्याचे मात्र ती निश्चितपणे सांगते, आणि ती त्या गाळात दडलेली असल्याने ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्यात जी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो तिच्या नेहमीच्या मात्रेने या अळ्या मरतीलच असे नाही. टाकी रिकामी करून तळ घासणे आणि झाकण घट्ट बसवणे हाच उपाय आहे. आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी कोरडी करण्याचा जो नियम डासांसाठी सांगितला जातो तो येथेही लागू पडतो.

पाणी गाळून घेण्याचा संस्कार या भागात जुना आहे. दिगंबर जैन आचारात पाणी जाड फडक्यातून गाळून वापरावे आणि गाळण्यात अडकलेले जीव ज्या विहिरीतून वा तळ्यातून पाणी आले तेथेच परत सोडावेत असा नियम आहे, आणि सूर्यास्तानंतर जेवू नये या व्रतामागेही दिव्याकडे येणाऱ्या सूक्ष्म कीटकांची हिंसा टाळण्याचा विचार सांगितला जातो. जलाशयाकाठच्या गावांत सूर्यास्तानंतरचा पहिला तास हाच चिलटांच्या उडण्याच्या भराचा काळ असतो, ही गोष्ट कीटकशास्त्राने पुढे तपशिलाने नोंदवली. दुपदरी कापडाने अळ्या आणि अंड्यांचे गोळे अडतात, मात्र जिवाणू अडत नाहीत, त्यामुळे गाळण्याबरोबर निर्जंतुकीकरणही आवश्यकच असते. याला एक विशेष कारण आहे. इस्रायलमधील ब्रोझा आणि हालपर्न यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की पटकीचा जिवाणू कायरोनोमिडी कुलातील अंड्यांच्या चिकट गोळ्यावर वाढतो, आपल्या विकराने तो गोळा विरघळवतो आणि त्यातून पोषण मिळवतो. यावरून चिलटे पटकी पसरवतात असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, पण साथी नसतानाच्या काळात हा जिवाणू पाण्यात कोणाच्या आश्रयाने राहतो या प्रश्नाचे एक उत्तर त्यातून मिळते.

दुसरा धोका ॲलर्जीचा आहे. अळीतील हिमोग्लोबिनचा काही अंश प्रौढ कीटकातही राहतो, मेलेल्या कीटकांची भुकटी हवेत मिसळते आणि संवेदनशील व्यक्तींना सर्दी, डोळ्यांची चुणचुण किंवा दमा होऊ शकतो. सुदानमध्ये नाईल नदीकाठी क्लॅडोटॅनिटार्सस प्रजातीतील एका जातीच्या थव्यांमुळे दम्याचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळल्यावर या विषयाचा सखोल अभ्यास झाला. दिव्यांखाली पडलेला मेलेल्या चिलटांचा खच कोरड्या झाडूने न उडवता ओल्या फडक्याने पुसून घेणे, खिडक्यांना बारीक जाळी लावणे आणि जलाशयाच्या बाजूस पांढऱ्याऐवजी पिवळसर दिवे वापरणे हे साधे उपाय परिणामकारक ठरतात, कारण निळसर-पांढऱ्या प्रकाशाकडे हे कीटक अधिक ओढले जातात.

या कुलाच्या प्राचीनतेचा विचार केला तर सिद्धेश्वरच्या परिसरातील काळा बसाल्टही त्याच्यापुढे तरुण ठरतो. दख्खनचे लाव्हाथर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, तर या कुलाचे जीवाश्म ट्रायासिक कालखंडाच्या अखेरचे, म्हणजे सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीचे मिळाले आहेत. स्वीडनचे लार्स ब्रुंदिन यांनी १९६६ मध्ये दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील थंड ओढ्यांतील पोडोनोमिनी व इतर उपकुलांच्या नातेसंबंधांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला आणि एकमेकांपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या या जाती एकाच अखंड दक्षिण भूखंडावर उत्क्रांत होऊन नंतर भूमीबरोबर विभागल्या गेल्या असे प्रतिपादन केले. खंडे सरकतात या सिद्धांताला जीवशास्त्राच्या बाजूने मिळालेल्या भक्कम पुराव्यांपैकी तो एक आहे. अंटार्क्टिका खंडावर आज कायमस्वरूपी जमिनीवर राहणारा सर्वांत मोठा प्राणी म्हणजे याच कुलातील बेल्जिका अंटार्क्टिका हा काही मिलिमीटरचा, पंख नसलेला कीटक आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने मात्र या कुलाचे सर्वांत अभ्यासनीय वैशिष्ट्य दुष्काळाशी निगडित आहे. पाऊस ओढ देतो तेव्हा जलाशय मागे हटतात, उघड्या पडलेल्या काठावर गाळपेर होते आणि उन्हात तो गाळ भेगाळतो. नायजेरियातील खडकांवरच्या खळग्यांत राहणाऱ्या पॉलिपेडिलम व्हँडरप्लँकी या जातीची अळी अशा परिस्थितीत शरीरातील जवळजवळ सर्व पाणी गमावते, ट्रेहॅलोज नावाच्या साखरेने पेशींची घडी जपते आणि त्या अवस्थेत सतरा वर्षांनंतरही पाणी मिळताच पुन्हा हालचाल करू लागल्याची नोंद आहे. भारतीय जलाशयांतील सर्वसामान्य जातींकडे ही टोकाची क्षमता नसते, पण त्यांच्यापैकी काहींच्या अळ्या ओलाव्याच्या मागे गाळात खोल उतरतात, रेशमी कोशात स्वतःला बंद करून घेतात आणि बऱ्याच आठवड्यांचा काळ काढतात. ज्या मरतात त्यांची जागा येलदरीसारख्या अजून पाणी धरून असलेल्या साठ्यांवरून उडत आलेल्या माद्या भरून काढतात. म्हणून पहिल्या मोठ्या पुरानंतर जेव्हा गाळपेराची जमीन पुन्हा पाण्याखाली जाते आणि तिच्यावरील धसकटे, तण आणि खताचे अंश कुजू लागतात, तेव्हा नव्याने भरलेल्या त्या उथळ पाण्यात सर्वांत आधी वसाहत करणाऱ्या कीटकांत न चावणारी चिलटे असतात, आणि नव्या पाण्यात उतरलेल्या मत्स्यबीजाला सुरुवातीच्या आठवड्यांत लागणाऱ्या अन्नाचा मोठा भाग त्यांच्याच अळ्या पुरवतात.